एल्कसाठी काडतूस: ६.५ क्रीडमूर, .३०-०६ की मॅग्नम?

घाटमाथा (धागाकर्ता)

कोलोरॅडो, तिसरा रायफल सीझन, म्हणजे नोव्हेंबर. एल्क म्हणजे तिथलं सांबराच्या जातकुळीतलं मोठं हरिण. टॅग (एका जनावराचा परवाना) मादीचा. उंची नऊ ते दहा हजार फूट, अस्पेनची झाडी आणि मधेमधे मोकळी कुरणं. रायफल अजून घ्यायची आहे. एका दुकानात सांगतात .३०० विन मॅगच्या (विंचेस्टर मॅग्नम; मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस) खाली काही घेऊ नका, पलीकडच्या दुकानात सांगतात ६.५ क्रीडमूर घ्या, बाकी सगळी जुनी खोडं. इंग्रजी फोरमांवर पाचव्या प्रतिसादाला गचांडी धरतात, म्हणून इथे विचारतो.

नेमके प्रश्न: किमान किती ताकद लागते, गोळी कोणती, आणि काडतुसाच्या नावाने खरोखर किती फरक पडतो? अंतर जास्तीत जास्त ३०० यार्ड धरलं आहे.

तोळामासा

आधी कायदा, कारण 'किमान' त्यात लिहिलेलं आहे. कोलोरॅडोत एल्कसाठी गोळीचा व्यास कमीत कमी .२४ इंच, वजन कमीत कमी ८५ ग्रेन, गोळी फुलणारी (लागल्यावर पसरणारी), आणि १०० यार्डांवर निदान १००० फूट-पाउंड ऊर्जा. नळी १६ इंचांपेक्षा आखूड नको. म्हणजे .२४३ विंचेस्टर कागदावर बसतं. पण कायद्याचं किमान हे एल्कचं किमान नव्हे. मादी साधारण ५०० पाउंड भरते, नर ७०० च्या घरात. आपला मोठा सांबर डोळ्यासमोर आणा, मादी एल्क साधारण तिथून सुरू होते.

शिकाऱ्यांत जो आकडा चालतो तो असा: गोळी लागते त्या अंतरावर १५०० फूट-पाउंड, आणि गोळी फुलण्याइतका वेग, साधारण १८०० ते २००० फूट/सेकंद. पहिला आकडा हा निव्वळ ठोकताळा आहे, त्यामागे काही निसर्गनियम नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण वेग त्याच्या खाली गेला की गोळी फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर चालतं.

ऊर्जा स्वतः काढता येते: ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी २७०० ने सुटली तर नळीच्या तोंडाशी २९१४. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेन, तीही २७०० ने, तर २३१५.

(अवांतर: १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. इंग्रजांनी तोळा तसाच ठरवला होता. तेव्हा .३०-०६वाले दर फैरीला तोळाभर माल उडवतात.)

सह्यकडा

तोळामासांनी पाया घातलाच आहे, आता काडतुसं.

.३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९०६ सालचं अमेरिकी लष्कराचं काडतूस. याची खोळ (दारू भरायची पितळी नळी) पुढे कित्येकांनी वापरली: .२७० विंचेस्टर (१९२५) ही त्याचीच मान आवळलेली आवृत्ती, .३५ व्हेलेन ही मान रुंदावलेली. .३०८ विंचेस्टर १९५२ चं, खोळ आखूड आणि वेग .३०-०६पेक्षा शंभरेक फूट कमी. मॅग्नम घराण्यात .३३८ विन मॅग १९५८, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२, .३०० विन मॅग १९६३. नव्या पिढीत ६.५ क्रीडमूर २००७, ६.५ पीआरसी २०१८, ७ एमएम पीआरसी २०२२.

या यादीतलं .२७० किंवा त्याहून मोठं काहीही ३०० यार्डांपर्यंत मादी एल्कला पुरतं. ६.५ क्रीडमूर पण पुरतं, पण त्याला अटी आहेत. त्या खाली कुणीतरी लिहीलच.

.३०० विन मॅग .३०-०६पेक्षा त्याच गोळीला अडीचशे फूट जास्त वेग देतं. याचा अर्थ इतकाच, की .३०-०६ नळीच्या तोंडाशी जे करतं ते .३०० विन मॅग सव्वाशे-दीडशे यार्ड पुढे करतं. ४५०-५०० यार्डांवर मारायचं असेल तर हा फरक कामाचा आहे. ३०० वर तो फक्त खांद्याला कळतो, एल्कला कळत नाही.

बारानळी

हे शेवटचं वाक्य पटलं नाही. एल्क नेहमी आडवा उभा राहत नाही. तिरका उभा असताना गोळीला कोथळ्याच्या कडेने शिरून पलीकडच्या फऱ्यापर्यंत जावं लागतं. तिथे वजन आणि व्यास लागतो. जखमी एल्क काळोखी झाडीत शिरला की मग कळतं हलकं काडतूस म्हणजे काय. बंदुकांवर लिहिणारा एल्मर कीथ आयुष्यभर हेच सांगत होता: .३३ च्या वरचा व्यास, २५० ग्रेनची गोळी.

सह्यकडा

आणि तसाच दुसरा लेखक जॅक ओ'कॉनर आयुष्यभर .२७० चे गोडवे गात होता. दोघांनीही एल्क पाडले. भांडण शंभरीला आलं, निकाल नाही.

तिरक्या उभ्या जनावराबद्दलचा मुद्दा मात्र खरा आहे. फक्त त्याचं उत्तर व्यासात कमी आणि गोळीच्या बांधणीत जास्त आहे.

तांबट

बांधणीवर मी लिहितो, कारण धाग्याचा खरा विषय तोच आहे. लोक काडतूस निवडायला सहा महिने घालवतात आणि गोळी दुकानात जी स्वस्त असेल ती उचलतात.

पहिला प्रकार, साधी जॅकेटवाली गोळी: आत शिसं, बाहेर तांब्याचं पातळ कवच, दोन्ही एकमेकांना चिकटलेले नाहीत. हरणाला उत्तम. .३०-०६ किंवा .३०८ च्या मध्यम वेगात, वजनदार असेल तर एल्कलाही चालते. घोळ होतो तो मॅग्नमच्या वेगात. ५०-६० यार्डांवर ३००० फूट/सेकंदाने फऱ्याच्या हाडावर बसली तर कवच आणि शिसं वेगळे होतात, गोळी वरच्या मांसातच फुटते. मोठी भयानक जखम दिसते आणि फुफ्फुस शाबूत राहतं. म्हणजे जितकं जोरदार काडतूस, तितकी गोळी कडक हवी. पुष्कळांना हे उलटं वाटतं.

दुसरा प्रकार, आतून पडदा घातलेली किंवा शिसं कवचाला जोडलेली. पडद्याची गोळी जॉन नॉस्लरने १९४० च्या दशकात काढली, मूसवर (एल्कहूनही मोठं हरिण) साधी गोळी फसल्यावर. पुढचा अर्धा फुलतो, मागचा अर्धा तांब्याच्या पडद्यामागे तसाच राहतो आणि आत घुसत जातो. नॉस्लर पार्टिशन हे तिचं नाव, आजही विकत मिळते. शिसं कवचाला जोडलेल्या म्हणजे अ‍ॅक्यूबाँड, ट्रॉफी बाँडेड वगैरे. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये पडदा आणि जोड दोन्ही. यांचं निम्म्याहून बरंच जास्त वजन टिकतं.

तिसरा प्रकार, सबंध तांब्याची. शिसं नाहीच. पाकळ्या उघडतात, वजन जवळपास पूर्ण टिकतं, घुसण्यात हिचा हात कुणी धरत नाही. दोन पथ्यं. एक, तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून एक पायरी खाली यायचं: .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १६५ किंवा १५०, ७ एमएममध्ये १६० ऐवजी १४०-१५०. दोन, हिला फुलायला वेग लागतो. २००० फूट/सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, डब्यावर १८०० छापलेलं असलं तरी.

चौथा प्रकार, लांब पल्ल्याच्या टोकदार, पातळ कवचाच्या गोळ्या. ५०० यार्डांवर, वेग कमी झाल्यावर, छान फुलतात. १०० यार्डांच्या आत मॅग्नममधून फऱ्यावर मारल्या तर पहिल्या प्रकारासारखीच गत होते.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथले ट्यूल एल्क मारायचे तर तिसराच प्रकार. इतर ठिकाणी सक्ती नाही, पण मांस घरी खाणार असाल तर लक्षात घ्या: शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

घाटमाथा

तांबट, हे सोनं आहे. मग ६.५ क्रीडमूर १२७-१३० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीने चालेल का? की व्यासच कमी पडतो?

तांबट

चालेल, ३०० यार्डांच्या आत, आडव्या उभ्या जनावरावर. ६.५ ची गोळी लांब आणि बारीक, म्हणून घुसते छान: १४० ग्रेनची सेक्शनल डेन्सिटी (व्यासाच्या मानाने वजन) .२८७, .३० च्या १८० ग्रेनची .२७१. म्हणजे घुसण्यात ती .३०-०६ला मागे नाही. मागे आहे ती छिद्राच्या आकारात. .२६४ आणि .३०८ या व्यासांचं क्षेत्रफळ काढा, मोठं ३६ टक्के जास्त आहे. पलीकडून बाहेर पडलेलं छिद्र बारीक, रक्ताचा माग बारीक. ताज्या बर्फात काही वाटत नाही. कोरड्या गवतात आणि पडलेल्या अस्पेनच्या पानांत तोच फरक रात्रभर फिरवतो.

बारानळी

हेच मी म्हणत होतो.

गुंजभर

बारानळी, पण तुम्ही धक्क्याचं काहीच म्हणत नाही. आठ पाउंडांच्या रायफलीत (दुर्बिणीसकट) अंदाजे आकडे:

६.५ क्रीडमूर: १३ फूट-पाउंड
.२७० आणि .३०८: १७
.३०-०६: २०
७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम: २१
.३०० विन मॅग: २७
.३३८ विन मॅग: ३३ ते ३४

धक्का रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात. साडेसहा पाउंडांची डोंगरी रायफल घेतली तर तोच .३०० विन मॅग ३३ च्या घरात. डोंगर चढायला हलकी हवी म्हणून लोक ती घेतात, आणि मग रेंजवर तिसऱ्या फैरीनंतर चाप ओढण्याआधीच खांदा आक्रसतो, डोळे मिटतात. नेम आठ इंच खाली-उजवीकडे. हे सुटायला महिने लागतात.

तपासायची सोपी युक्ती: सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं पोकळ सरावाचं काडतूस मिसळायला सांगा, कुठे आहे ते तुम्हाला न सांगता. पोकळावर चाप ओढला आणि नळी हलली, तर ते काडतूस तुमच्या खांद्याबाहेरचं आहे.

मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावर लावायचं भोकांचं टोपण) धक्का बराच कमी होतो, हे खरं. पण आवाज मागे आणि बाजूला फेकला जातो. शेजारी उभ्या माणसाच्या कानाची वाट लागते, आणि शिकारीत ऐन वेळी कानात बोळे घालायला कुणाला सुचत नाही.

दुर्बिणीचंही पाहा. मॅग्नमवर डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर मिळेल अशी घ्या. चढावर, पाठीवर बोजा असताना, बंदूक वर रोखून मारताना डोळा पुढे सरकतो आणि दुर्बिणीची कडा भुवई फाडते.

माळरान

डब्यावरच्या आकड्यांबद्दल. तो वेग बहुधा २४ इंची नळीचा असतो. रायफल २० किंवा २२ इंची असेल तर दर इंचाला २०-३० फूट/सेकंद वजा करा. आखूड नळीच्या .३०० विन मॅगचा .३०-०६वरचा बराचसा फायदा जातो, मॅग्नमचा धक्का आणि जाळ मात्र राहतो.

नळीच्या आट्यांचा पीळही बघा. लांब गोळीला वेगवान पीळ लागतो. .२७० च्या बहुतेक रायफली दहा इंचांना एक फेरा, जुन्या ७ एमएम मॅग्नम साडेनऊला एक. त्यांत नव्या लांबलचक गोळ्या स्थिर राहत नाहीत, कागदावर आडवं छिद्र पाडतात. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम पीआरसी पहिल्यापासून आठला एक. जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल तर हा आकडा आधी विचारा.

आणि .२७० ची गोळी .२७० इंच नसते, .२७७ असते. सुटी गोळी घेऊन घरी भरणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

तोळामासा

उंचीचंही कुणीतरी सांगा. समुद्रसपाटीला झिरो करून (म्हणजे ठराविक अंतरावर गोळी नेमावर बसेल अशी दुर्बीण लावून) नऊ हजार फुटांवर गेलं तर हवा विरळ, गोळी कमी मंदावते. २०० यार्डांवर फरक जाणवत नाही, ४०० वर गोळी थोडी वर बसते. उलट थंडी तिला खाली ओढते: टेक्ससच्या उन्हाळ्यात तपासलेली दारू नोव्हेंबरच्या शून्याखालच्या सकाळी मंद जळते, काही दारूंमध्ये वेग पन्नास फूट/सेकंदाहूनही जास्त घटतो. म्हणून तिथे पोचल्यावर कॅम्पजवळ तीन फैरी कागदावर झाडाच. प्रवासात दुर्बीण आदळलेली असली तरी तेव्हाच कळतं.

चढ-उतारावर दुर्बिणीच्या रेषेतलं अंतर धरायचं नाही, जमिनीवरचं आडवं अंतर धरायचं. ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्ड म्हणजे ३४६ म्हणून मारायचं. आजकालचे रेंजफाइंडर हे स्वतःच करतात, फक्त तो पर्याय चालू आहे का ते पाहा.

सह्यकडा

.३०-०६, १८० ग्रेन, २०० यार्डांवर झिरो: ३०० वर आठ-नऊ इंच खाली, ४०० वर साधारण दोन फूट खाली. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० वर सहा-सात इंच ढकलतो. एल्कच्या छातीचा मर्माचा भाग साधारण १५ इंची. म्हणजे ३०० पर्यंत पाठीच्या रेषेखाली जरासं धरलं तरी गोळी छातीत. ४०० ला मात्र आकडेमोड आलीच. धागाकर्त्यांनी ३०० ची मर्यादा स्वतःच घातली आहे, ती कुणी हलवू नका.

बारानळी

बरं, इतकं झाल्यावर मीही जरा सरकतो. नवीन माणसाला .३३८ नको. पण ६.५ ही नको. मधलं काहीतरी.

शिवारफेरी

मोसमाच्या आदल्या दिवशी काडतुसं संपली किंवा हरवली तर कुठे मिळतील, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विमानाने येणाऱ्यांना हा प्रसंग येतो. रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. काडतुसं बहुतेक एअरलाइन्सना माणशी ११ पाउंडांपर्यंत चालतात. ती बॅग डेन्व्हरऐवजी भलतीकडे गेली की संपलं. मीकर, क्रेग, गनिसन असल्या गावांत .३०-०६, .२७०, .३०८, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विन मॅग मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नवी, हौशी काडतुसं शहरी दुकानात सापडतात, गावातल्या हार्डवेअरच्या फळीवर असतीलच असं नाही. आणि दुसऱ्या गोळीचा डबा घेतला तर पुन्हा झिरो करायला लागतो. '१८० म्हणजे १८०' असं नसतं, चार-पाच इंच इकडेतिकडे सहज जातं.

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. .३०० विन मॅग आणि .३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) वेगळी. ६.५ क्रीडमूर आणि ६.५ पीआरसी वेगळी. घाईत नुसतं '६.५ द्या' म्हटलं की चुकीचा डबा हातात येतो.

कायदेबाज

हे या फोरमवरच्या निम्म्या लोकांना लागू आहे, म्हणून मधे पडतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. अपवादांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी हंटर एज्युकेशनचं कार्ड (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतं), मग लायसन्स, मग रायफल आणि काडतुसं. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते, कपाटातली रायफल तशीच राहते आणि व्हिसा धोक्यात येतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

शेतावरची_पोर

शिकारीचा धागा बघून दचकले. आपल्याकडे १९७२ पासून बंदी आहे ना?

कायदेबाज

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे. एल्कचा आपल्याकडचा भाऊबंद हंगुल तर काश्मीरमध्ये कसाबसा टिकून आहे. कोलोरॅडोत एल्क भरपूर आहेत, संख्या टॅग देऊन आटोक्यात ठेवतात आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. करावी की नाही यावर स्वतंत्र धागा काढा, तिथे नक्की येईन.

घाटमाथा

सगळं वाचून ठरतंय ते असं. .३०-०६, २२ इंची नळी, दुर्बिणीसकट आठ पाउंडांच्या आसपास. शिकारीला १६५ ग्रेनची तांब्याची. सरावाला स्वस्त साध्या गोळीचे डबे. मोसमाआधी शंभर फैरी, त्यातल्या निम्म्या बसून आणि गुडघ्यावर. बाकी सराव छोट्या .२२ रायफलीवर. काही चुकतंय?

गुंजभर

बेंचवर फक्त झिरो करा, बाकी चांगलं आहे. .३०-०६चा धक्का त्रास देत असेल तर लाज न बाळगता .३०८ किंवा ७ एमएम-०८ वर या, गोळी तांब्याचीच ठेवून.

बारानळी

चालेल. १६५ च्या जागी १८० असती तर झोप जास्त चांगली लागली असती, पण तांबटांपुढे काय बोलणार.

तांबट

एक राहिलं. शिशाची आणि तांब्याची गोळी एकाच नळीतून आलटूनपालटून मारली तर कागदावरचा छिद्रांचा गट पसरतो. जॅकेटच्या तांब्याचा थर आणि सबंध तांब्याच्या गोळीचा थर वेगळा बसतो. सराव संपल्यावर नळी कॉपर सॉल्व्हंटने निळा रंग यायचा थांबेपर्यंत साफ करा, मग शिकारीच्या गोळीच्या चार-पाच फैरी झाडून नळी 'बसवा', आणि त्यानंतर झिरो. तिथून पुढे शिकार होईपर्यंत आतून साफ करू नका, फक्त बर्फाचं पाणी शिरू नये म्हणून तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावा. ती काढायची गरज नाही, गोळीच्या पुढची हवाच ती उडवते.